भिंतीला आलेला ताप

संपादकांनी फोनवर विषय दिला, "एक स्त्री आणि तंत्रज्ञान." मी म्हटलं, या दोघांचं आपसात कसं आहे ते मला ठाऊक नाही, माझं मात्र दोघांशीही अधूनमधून वाजतं. ते म्हणाले, मग तेच लिहा. फराळाच्या ताटाशेजारी ठेवून वाचायचा अंक आहे, तेव्हा चकलीचं तेल पानाला लागलं तरी चालेल, असं समजून लिहितेय.

मी काय काम करत होते, याला मला आजवर एक सोपा शब्द सापडलेला नाही. गल्लीतल्या बायकांच्या मते माझा 'ब्लॉकचा धंदा' होता. फूटपाथवर बसवतात ते गट्टू. माझ्या एका चुलत जावेने तर तुळशीपुढे लावायला लाल रंगाचे गट्टू मागितले होते, आणि मी नाही म्हटल्यावर दोन वर्षं माझ्याशी बोलली नाही. पुण्याच्या एका कॉलेजात माझी ओळख 'कॉम्प्युटेशनल डिझायनर' अशी करून दिली, तेव्हा मागच्या रांगेत बसलेला माझा नवरा शेजारच्या माणसाला म्हणाला, "कॉम्प्युटरवर विटा रचते." इतकी नेमकी ओळख माझी पुन्हा कुणी करून दिली नाही.

त्याआधी मी चादरींची नक्षी काढत होते. सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या घरात चार पिढ्या माग. वडील मागावर, भाऊ मागावर, आणि मी जेकार्डच्या डिझाईनला. स्क्रीनवर बारीक चौकोनांचा कागद असायचा. कुठला धागा वर, कुठला खाली, ते चौकोन भरून सांगायचं. मोर काढायचा तर आधी मोराचे चौकोन मोजायचे. एक चौकोन चुकला की शंभर चादरींवरच्या शंभर मोरांची मान मोडते, आणि मालक तुमची मोडतो. पुढे कारखाना बंद झाला. मी पंचेचाळिशीची, चौकोन भरण्याखेरीज मला काही येत नव्हतं. तेवढ्यात माने सर आले.

माने सर म्हणजे आमचे आर्किटेक्ट. परदेशात शिकून सोलापुरात परतलेला माणूस. सांध्यात सिमेंट न भरता नुसत्या एकमेकांत अडकणाऱ्या काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या इमारती बांधायच्या, हे त्यांचं स्वप्न होतं. इथे आल्यावर त्यांना सगळ्यात जास्त काम मिळालं ते पार्किंगच्या शेडचं. पण स्वप्न काही त्यांनी सोडलं नव्हतं. त्यांना तासन्‌तास खुर्चीत बसून न कंटाळता ठोकळ्याला ठोकळा जोडेल असं कुणीतरी हवं होतं. शिकलेली पोरं महिनाभरात पळून जात. मी पळून जाण्याच्या वयाची नव्हते.

आता हे काम नेमकं काय, ते सांगते. गड्ड्याच्या जत्रेत लाकडी कोडं मिळतं बघा, सहा काड्या एकमेकींत अशा अडकवलेल्या की कितीही ओढा, सुटत नाहीत. त्यातली एकच काडी सरळ बाहेर येते. ती काढली की दुसरी सुटते, मग तिसरी. आमची भिंत तशीच. प्रत्येक ठोकळ्याला कुठे फुगवटा, कुठे खाच. एक ठोकळा फक्त वर उचलता येईल, तर त्याच्या डोक्यावर दुसरा बसलेला. तो दुसरा फक्त डावीकडे सरकेल, तर डावीकडे तिसरा उभा. अशी सगळ्यांनी एकमेकांची वाट अडवलेली असते. सरकारी ऑफिसात फाईल अडते, त्याच तत्त्वावर. शेवटी एकच ठोकळा असा, जो मोकळा आहे. त्याला आम्ही चावी म्हणायचो. चावी काढली की भिंत क्रमाने सुटते, चावी बसवली की भिंत बंद.

आकार काढणं त्यातल्या त्यात सोपं. खरी गोम क्रमात. कोणता आधी, कोणता नंतर, आणि मधल्या प्रत्येक पायरीला अर्धवट भिंत उभी राहते की कलंडते, हे कॉम्प्युटरला पुन्हा पुन्हा तपासायला लावायचं. आणि दोन ठोकळ्यांमध्ये केसाएवढी 'सूट' ठेवायची. जास्त ठेवली तर भिंत खुळखुळते. कमी ठेवली तर बसतच नाही.

हे सगळं आज मी मोठ्या ऐटीत सांगतेय. पहिली भिंत केली तेव्हा मला क्रमाचं काहीच माहीत नव्हतं. होटगी रोडला एका ओळखीच्या यार्डात आम्ही नमुन्याची भिंत उभी करायला घेतली. माने सरांनी चार-पाच बिल्डर चहाला बोलावले होते. ठोकळे बसवत होता मल्लप्पा. हा अक्कलकोटच्या पलीकडचा गवंडी, घरी कानडी, बाहेर मराठी, आणि दोन्हींच्या मध्ये त्याची स्वतःची एक भाषा. भिंत सुरेख चढली. टाळ्या वाजायच्या बेतात असताना मल्लप्पा शेवटचा ठोकळा हातात घेऊन थांबला. वरून लावून बघितला. बाजूने लावून बघितला. मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाला, "अक्का, हे ठोकळा आत जन्माला यायला पायजे होतं की."

खरंच होतं. जागा बरोबर, आकार बरोबर, पण तिथपर्यंत पोचायला वाटच नव्हती. चारी बाजूंनी आधीचे ठोकळे. स्क्रीनवर मी तो भिंतीच्या आरपार सरकवून बसवला होता. स्क्रीनवर ठोकळे भुतासारखे एकमेकांतून जातात. बिल्डर मंडळींनी चहा संपवला, भिंतीतल्या भोकातून पलीकडचा रस्ता बघितला आणि गेली. माने सर तीन दिवस माझ्याशी मोजकंच बोलले. मल्लप्पाने मात्र तो ठोकळा यार्डाच्या दारात ठेवून दिला आणि त्याच्यावर बसून तंबाखू मळायला सुरुवात केली.

नंतर जमत गेलं. गिऱ्हाइकंही एकेक भेटत गेली. बार्शीच्या एका अडत्याने गोदामासाठी भिंत मागितली. सगळं समजावून घेतल्यावर आवाज खाली आणून विचारलं, "मॅडम, चावी कुठली ते चोराला कळलं तर?" मी म्हटलं, शेठ, चोर एक पोतं न्यायला येईल, त्यासाठी तो चारशे ठोकळे क्रमाने काढत बसेल का? त्यांना पटलं नाही. त्यांनी साधी विटांची भिंत बांधली आणि वर काचा लावल्या. दुसऱ्या एका गृहस्थांना ठोकळ्यांवरच्या नंबरांत आठ आकडा नको होता, शनीचा म्हणून. मी सगळे आठ काढून टाकले. मल्लप्पा सातानंतर नऊ बघून दिवसभर हरवलेला ठोकळा शोधत राहिला.

पण ज्या कामासाठी हा लेख लिहायला बसले, ते काम सिस्टरांचं.

सुमन कांबळे हे त्यांचं नाव, पण होटगीच्या पुढे त्यांच्या गावात त्यांना सगळे सिस्टरच म्हणतात. सरकारी उपकेंद्रात नर्स म्हणून उभी हयात नोकरी केलेली. त्या गावातली निम्मी माणसं त्यांच्या हातावर जन्मली आणि उरलेल्या निम्म्यांना त्यांनी सुया टोचल्या. त्यामुळे सरपंचापासून सगळे त्यांच्यासमोर जरा बिचकूनच उभे राहत. निवृत्त झाल्यावर बौद्ध वस्तीतल्या मुलींसाठी त्यांना अभ्यासिका काढायची होती. पोलीस भरती, तलाठी, नर्सिंग, असल्या परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुली. घरं दोन खोल्यांची, त्यात टीव्ही, म्हातारी माणसं, शेळ्या. अभ्यासाला जागा म्हणून मुली समाजमंदिराच्या पायऱ्यांवर बसत आणि ऊन आलं की पायरी बदलत.

पंचायतीने रस्त्याकडेचा एक तुकडा दिला. पण ठरावात अट घातली, की बांधकाम तात्पुरतं हवं, पक्कं नको, आणि जागा लागली तर स्वखर्चाने उचलून न्यायचं. गावकऱ्यांना वाटलं, म्हणजे पत्र्याची शेड. सोलापूरच्या उन्हात पत्र्याच्या शेडमध्ये पुस्तक वाचायचं म्हणजे स्वतःला भाजून घ्यायचं. कुठल्याशा पेपरात माने सरांचा फोटो बघून सिस्टर तडक आमच्या ऑफिसात आल्या.

"तुमची भिंत उचलून नेता येती म्हणं?"

माने सरांचे डोळे चमकले. त्यांनी लॅपटॉप उघडला, कमानी दाखवल्या, घुमट दाखवले. सिस्टरांनी पाच मिनिटं ऐकून घेतलं, पेशंटचं ऐकतात तसं.

"ते ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "ठोकळा दोन बायकांला उचलाय आला पायजे. आमच्याकडं गडी दिवसा कामाला जात्यात. बांधायचं आन् उचलायचं बायकांनीच."

माने सर म्हणाले, ठोकळा लहान केला तर संख्या वाढते, सांधे वाढतात, गणित अवघड होतं. सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. "गणित कोन करतं?"

"मी."

"मग होतंय की."

झालं. पुढचे चार महिने माझे. एक खोली, दोन लांब भिंती, दोन आखूड. नऊच साच्यांत सगळे ठोकळे बसवायचे, कारण प्रत्येक नवा साचा म्हणजे नवी कटकट. वर लोखंडी अँगल, नटबोल्ट, पत्रे आणि त्याखाली गवताचं छत. छताचं वजन लांब भिंतींवर. चावी ठेवली पश्चिमेच्या आखूड भिंतीत, सगळ्यात वरच्या थरात, कोपऱ्याला लागून. आतल्या बाजूने ओढली की सरळ बाहेर यायची. सूट मी अगदी बारीक धरली. माने सर म्हणाले, थोडी वाढव. मल्लप्पा म्हणाला, अक्का, थोडं सैल पायजे. मी वाढवली नाही. चादरीतला एक धागा सैल नसतो, तर ठोकळे का असावेत? खरं सांगायचं तर मला दाखवायचं होतं. पहिल्या भिंतीतलं ते भोक अजून डोळ्यांसमोर होतं.

बांधकाम डिसेंबरात झालं. वस्तीतल्या बारा-पंधरा बाया, पदर खोचलेल्या. दोघी ठोकळा उचलणार, तिसरी नंबर वाचणार, मल्लप्पा ओळंबा धरणार. पहिल्या दिवशी तो त्यांना शिकवत होता, तिसऱ्या दिवशी त्या त्याला नंबर सांगायला लागल्या. सहाव्या दिवशी चावी बसली, 'टक्' असा आवाज आला आणि मला वाटलं, आता मरायला हरकत नाही. मुलींनी आत सतरंज्या टाकल्या. डोक्याएवढ्या उंचीवर खिडक्या, त्यामुळे रस्त्यावरून जाणाऱ्याला आतलं कुणी दिसत नव्हतं. त्या गोष्टीवर मुली सगळ्यात खूश होत्या.

आणि मे महिन्यात तक्रार गेली. कुणी केली ते गावात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी सांगितलं नाही. तक्रार अशी, की तात्पुरत्याच्या नावाखाली पक्कं बांधकाम केलंय, ते पाडावं. चौकशीला एक साहेब आले. दुपारी तीन वाजता. आम्हाला आदल्या दिवशी फोन आला, म्हणून मी, माने सर, मल्लप्पा तिघंही हजर.

साहेब वाईट नव्हते. घामाने त्रासलेले होते. त्यांनी भिंतीवर टिचकी मारली.

"सिमेंट कुठंय?"

"सांध्यात सिमेंट नाही सर," माने सर म्हणाले.

"मग पडंल की हे."

"पडत नाही सर. वळवाचा वारा झेललाय."

"पडत न्हाय म्हंजे पक्कं झालं."

"पक्कं नाही सर, सुटं आहे."

"सुटं हाय तर पडंल," साहेब म्हणाले. त्यांच्या तर्कात मला आजही खोट काढता आलेली नाही. सरकारी व्याख्येत तात्पुरतं म्हणजे पडण्याजोगं. उभं राहणारं आणि तरी उचलता येणारं असं काही असतं, यासाठी त्यांच्या फॉर्मवर रकाना नव्हता.

शेवटी त्यांनीच मार्ग काढला. "असं करा, खोलून दाखवा. माझ्यासमोर चार ठोकळे निघाले, की मी तात्पुरतं लिहितो. न्हाय निघाले, तर पाडायचा शेरा."

मला मनात हसू आलं. एवढंच ना? मल्लप्पा स्टुलावर चढला, चावीच्या खाचेत बोटं घातली आणि ओढली. चावी हलली नाही. त्याने पाय रोवून ओढली. हलली नाही. लाकडाचा ठोकळा लावून हातोडीने हलकेच ठोकलं. भिंतीला काही फरक पडला नाही.

"निघतंय म्हनलात," साहेब म्हणाले.

मी स्टुलावर चढले. चावीच्या दोन्ही बाजूंची फट, जिच्यात डिसेंबरात पोस्टकार्ड सरकत होतं, ती बंद झालेली. भिंतीला हात लावला आणि मागे घेतला. दुपारचं पश्चिमेचं ऊन सरळ तिच्यावर होतं. तव्यासारखी तापली होती. तेव्हा उजेड पडला. तापलं की सगळं फुगतं. इतर वेळी भिंत दोन्ही टोकांना सरकली असती, पण तिची टोकं लांब भिंतींनी धरलेली, आणि त्यांच्यावर छताचं वजन. फुगलेल्या भिंतीला जायला जागा एकच, चावीच्या बाजूची सूट. आणि ती सूट कुणी बारीक धरली होती? मी. डिसेंबरातल्या सोलापूरसाठी. मे महिना माझ्या गणितात नव्हताच.

माने सर हळूच म्हणाले, "सरोजाताई, काय करायचं?"

"सकाळी सहाला आपोआप निघेल," मी म्हटलं. साहेबांनी ऐकलं.

"सकाळी सहाला मी घरी असतो. ऑफिस दहाला उघडतं." त्यांनी पेन काढलं.

बाहेर मुली उभ्या होत्या, हातात पुस्तकं तशीच. पोलीस भरतीचा अभ्यास करणारी एक, काजल नावाची, माझ्याकडे टक लावून बघत होती. तिने बोलायला हवं होतं असं मला आजही वाटतं, म्हणजे मला निदान उत्तर देता आलं असतं.

सिस्टर पुढे आल्या. त्यांनी मला खाली उतरायला लावलं. स्वतः भिंतीला उलटा हात लावून बघितला, पोराच्या कपाळाला लावतात तसा.

"ताप हाय," त्या म्हणाल्या. "पान्याच्या घड्या ठिवा."

कुणाला काही कळेना. त्या वळून ओरडल्या, "काजल, बघतीस काय? गोनपाट आना. हंडे आना. साड्या आना जुन्या, घरात आस्तील तेवढ्या."

"सिस्टर, पाणी परवा आलं होतं," कुणीतरी म्हणालं. गावाला पाणी चार दिवसांनी येत होतं.

"मग परवाचंच आना."

बाया घरोघर पांगल्या आणि हंडे घेऊन आल्या. प्यायचं पाणी होतं ते. ओली गोणपाटं, ओल्या साड्या भिंतीवरून सोडल्या. निळी नऊवारी, एक शाळेच्या युनिफॉर्मची ओढणी, कुणाची तरी फुलांची चादर. ती आमच्याच कारखान्यातली होती आणि मोर माझा होता, पण ते सांगायची ती वेळ नव्हती. बाहेरून ओलं, आतून ओलं. वाळलं की पुन्हा शिंपडायचं. मल्लप्पा पत्र्याचा तुकडा धरून पश्चिमेला उभा राहिला, सावली करायला. म्हाताऱ्या माणसाने तासभर पत्रा धरला.

सिस्टरांनी साहेबांना सावलीत खुर्ची दिली. चहा दिला. मग त्यांची नाडी धरून म्हणाल्या, "बीपी तपासलंय का कदी?" साहेब म्हणाले, न्हाय. सिस्टरांनी पिशवीतून यंत्र काढलं, दंडाला पट्टा बांधला. आता दंडाला पट्टा बांधलेला माणूस उठून जाऊ शकत नाही. बीपी जरा जास्तच निघालं. मग मीठ किती खाता, झोप किती, घरात कुणाला आहे का, अशी चौकशी सुरू झाली. साहेब चौकशी करायला आले होते, ते उत्तरं देत बसले.

सव्वाचारच्या सुमारास मल्लप्पाने पत्रा खाली ठेवला. फटीत बोटाचं नख घालून बघितलं. स्टुलावर चढला. मला म्हणाला, "अक्का, तू बघू नको." मी पाठ केली.

आधी खरखर ऐकू आली. मग मुलींचा एकच आवाज. वळून बघितलं तर चावी मल्लप्पाच्या छातीशी होती आणि भिंतीतून आभाळाचा एक चौकोन दिसत होता.

बायांनी मग चारवर थांबायचं नाव घेतलं नाही. अकरा ठोकळे काढून साहेबांच्या खुर्चीभोवती मांडले. शेवटी तेच म्हणाले, "पुरे, पुरे, माझी खात्री पटली." त्यांनी शेरा लिहिला. सिस्टरांनी तो वाचल्याशिवाय त्यांच्या दंडाचा पट्टा सोडला नाही.

त्या संध्याकाळी वस्तीत प्यायला पाणी नव्हतं. आमच्या गाडीतल्या दोन बाटल्या मी देऊ केल्या तेव्हा एक आजी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या बाई, तुमाला लांब जायचंय." परत येताना मल्लप्पा कण्हत पाठ धरून बसला होता. मी त्याला म्हटलं, चुकलं माझं, सूट ठेवायला हवी होती. तो म्हणाला, "होय की." एवढंच. त्याच्याकडून मला दिलासा हवा होता, त्याने खरं सांगितलं.

त्यानंतर मी प्रत्येक गणितात तीन सोलापूर घालायला लागले, डिसेंबरचं, मेचं आणि पावसाचं. माने सर याला 'थर्मल अॅनालिसिस' म्हणतात आणि व्याख्यानात स्वतःची कल्पना म्हणून सांगतात. सांगू देत. काजल पहिल्या वेळी भरतीत उंचीत अर्ध्या सेंटिमीटरने गेली. अर्ध्या सेंटिमीटरची सूट तिलाही कुणी दिली नाही. तिने नंतर नर्सिंग केलं.

मी निवृत्त झाले त्या वर्षी रस्ता रुंद करायचं निघालं. अभ्यासिकेची जागा त्यात गेली. पण यावेळी पंचायतीने वस्तीलगतची दुसरी जागा दिली, रीतसर, अभ्यासिकेच्या संस्थेच्या नावावर. सिस्टरांचा फोन आला, "आमी उचलतोय." मी ऐटीत म्हटलं, थांबा, क्रमाचा कागद पाठवते. आणि फाईल उघडायला गेले तर उघडेना. जुना प्रोग्रॅम नव्या कॉम्प्युटरवर चालत नव्हता, जुना कॉम्प्युटर सुरू होत नव्हता, आणि छापलेला कागद माने सरांनी ऑफिस बदलताना रद्दीत दिला होता. मल्लप्पा डोळ्यांचं ऑपरेशन करून गावी पडलेला. दहा दिवस मी एका दुकानात त्या डब्यातून माहिती काढून घ्यायला बसून होते. दुकानदाराने सगळं वाचवलं. माझ्या भाचीच्या बारशाचे फोटो, लोणच्याची कृती, शंभर मोर. नेमकी तीच फाईल गेली.

अकराव्या दिवशी तोंड लपवत गावात गेले. माने सर बरोबर होते. मनात वाक्यं जुळवत होते, की सिस्टर, नव्याने गणित करते, दोन महिने द्या.

अभ्यासिका उभी होती. भिंती पुऱ्या झालेल्या, अँगल चढवायचे चालले होते.

"क्रम कुठून आणलात?" मी विचारलं.

सिस्टरांना प्रश्नच कळला नाही. "काडताना खडूनं नंबर टाकले की. शेवटी काडला त्यो आदी लावला. उलटं मोजायचं, दुसरं काय?"

मला दहा दिवसांत हे सुचलं नव्हतं. मग धंद्याची खोड म्हणून चारी भिंती तपासल्या. चूक सापडावी असं अगदी मनापासून वाटत होतं. सापडली ती एकच, आणि तीही चूक नव्हती. अख्खी खोली त्यांनी फिरवून लावली होती. चावीची भिंत आता पूर्वेला.

"साहेब लोक दुपारचंच येत्यात," सिस्टर म्हणाल्या. "तवा हितं सावली आस्ती."

माने सरांनी तेवढ्यात पंचायतीचा फॉर्म काढला. नवी जागा कायमची, तेव्हा आता नियम उलटा. पक्कं बांधकाम दाखवायचं, सांध्यात सिमेंट भरायचं. माझी एवढ्या वर्षांची मेहनत दोन-चार पोत्यांत बुजणार होती. पण मी दमले होते, आणि वाटलं, त्यांचं एकदाचं होऊन जाऊ दे. म्हटलं, "सिस्टर, जागा आता तुमच्या नावावर आहे. भरून टाका सिमेंट. आता कोण उठवतंय तुम्हाला?"

त्यांनी पदराने हात पुसले. "सरोजाबाई, तुमी किती वेळा उठलाय?"

मी आठवून बघितलं. ज्या गल्लीत जन्मले त्याच गल्लीत सासर. एकदाही नाही.

"आमची वस्ती तीनदा," त्या म्हणाल्या. "एकदा पान्याच्या टाकीसाठी, एकदा शाळंच्या मैदानासाठी, एकदा तर कशासाठी त्ये बी सांगितलं न्हवतं. दर टायमाला भिंती तितंच ऱ्हायल्या. मोडून ऱ्हायल्या. ह्याच पैल्या हायती, ज्या आमच्यासंगं आल्या."

एवढं बोलून त्या अँगल धरणाऱ्या बायांकडे गेल्या, कारण एकीने नट उलटा लावला होता.

माने सरांनी फॉर्म माझ्यापुढे धरला. सांध्यांच्या रकान्यात मी लिहिलं, 'कोरडे', म्हणजे बिनसिमेंटचे. त्यांनी वाचलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाले, हे परत येईल, खुलासा मागतील, हेलपाटे पडतील. मी म्हटलं, पडू देत, मी रिकामीच आहे. माझी सही तिथे चालत नाही, आर्किटेक्टचीच लागते. मी पेन त्यांच्या हातात दिलं आणि त्यांची सही होईपर्यंत समोरून हलले नाही.